टॅपेट कोणी लावलं?

कंपनीत मी फिरत्या यंत्रांचा इंजिनिअर आहे. पंप, कॉम्प्रेसर, ब्लोअर, जे जे गरगर फिरतं आणि बंद पडलं की साहेबांचा फोन येतो, ते सगळं माझ्या गळ्यात. नाशिकहून कुवेतला आलो त्याला चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझ्या हातून एकही मोठं यंत्र मोडलं नाही, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगत असे. गणपतीत जेवायला बसलो तरी शेजारच्याला बेअरिंगचं तापमान समजावून द्यायचो. बायको पायाने ढोसायची, तरी थांबत नसे.

म्हणून आमच्या मुदीरांनी, म्हणजे विभागाच्या सगळ्यात मोठ्या साहेबांनी, एके दिवशी केबिनमध्ये बोलावून 'तुला इंजिनाच्या व्हॉल्व्हमधलं कळतं ना?' असं विचारलं, तेव्हा मी नको इतक्या जोरात हो म्हणालो. काम कंपनीचं नव्हतं. त्यांच्या थोरल्या भावाकडे वडिलांनी घेतलेली एक जुनी जर्मन गाडी होती. गोल पाठीची, इंजिन मागे असलेली. तिच्यात रेडिएटर नाही, पाणी नाही. एक पंखा इंजिनावर वारा टाकतो आणि तेवढ्यावर ते थंड राहतं. दर हिवाळ्यात हे भाऊ ती गाडी घेऊन वाळवंटात तंबू ठोकून राहायचे. तिथे त्यांच्यासारखेच जुन्या गाड्यांचे शौकीन जमत आणि वाळूच्या चढावर यांची गाडी हटकून सगळ्यांच्या मागे पडे. त्यांना ती पुढे न्यायची होती, पण इंजिन न बदलता. वडिलांच्या वेळचं इंजिन, त्याच्या अंगावरचा नंबर गाडीच्या जुन्या कागदावर लिहिलेला. त्याला धक्का लावायचा नाही, एवढीच त्यांची अट होती.

सबाह अल-सालेममधल्या त्यांच्या घरामागे पत्र्याची शेड होती. तिथे मला मिस्त्री भेटले.

मिस्त्री कोल्हापूरचे. साठी उलटलेली, अंगाने काटकुळे, चष्म्याच्या दोन्ही काड्यांना दोरी बांधून तो गळ्यात अडकवलेला. तिकडे एका वर्कशॉपमध्ये त्यांनी उमेदीची सगळी वर्षं इंजिनं उघडण्यात घालवली होती. इथे कागदावर ते मुदीरांच्या या भावाचे, म्हणजे मालकांचे ड्रायव्हर, प्रत्यक्षात त्यांच्या चार जुन्या गाड्यांचे डॉक्टर. मी मराठी बोललो तर त्यांना केवढा आनंद झाला. हातातला पाना ठेवून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "आता बरं झालं बगा. आपलं माणूस आलं," ते म्हणाले. माझ्या शर्टाच्या बाहीला ऑइल लागलं आणि मी जरा हात आखडता घेतला, हेही मला आठवतं.

त्यांची बायको सरकारी दवाखान्यात नर्स. मिरजेला शिकलेल्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, आणि मिस्त्रीसुद्धा चारचौघांत बायकोला सिस्टरच म्हणत. लग्न झाल्यावर काही वर्षांत त्या एकट्या कुवेतला आल्या. मिस्त्री मुलं आणि आई सांभाळत कोल्हापुरात राहिले. एकोणीस वर्षं. वर्षातून एक महिना त्या घरी, की पुन्हा अकरा महिने फोन. मुलं मार्गी लागल्यावर मिस्त्रींनी या मालकांकडे काम धरलं आणि उतारवयात नवरा-बायकोचा संसार फरवानियातल्या एका खोलीत सुरू झाला. खोली एवढीशी, की पलंगावर बसूनच जेवावं लागे. मी एकदा गेलो होतो. सिस्टरनी पिठलं केलं होतं आणि मिस्त्री मला त्या खोलीतली एकेक वस्तू दाखवत होते, इस्त्री, पंखा, भिंतीला स्वतः ठोकलेली फळी. कोणी नव्या बंगल्यातही इतकं हिंडवून आणणार नाही.

एक गोष्ट मात्र दोघांच्याही मनातून कधी जात नसे. साठी उलटलेल्या, डिग्री नसलेल्या माणसाचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, दर वर्षी नवीन कटकट. मालक आपल्या ओळखी वापरून तो वाढवून आणत, म्हणून मिस्त्री इथे होते. इथल्या नियमाने सिस्टर नवऱ्याला स्वतःच्या नावावर ठेवू शकत नव्हत्या. त्यांची स्वतःची नोकरी संपायला अजून दोन वर्षं होती आणि मध्येच सोडली तर इतक्या वर्षांच्या सेवेवर पाणी. तेव्हा मिस्त्रींचा इकामा टिकला तर दोघं एकत्र, नाही तर पुन्हा फोन. मालक मिस्त्रींशी आखाती हिंदीत बोलत. माझ्यासमोरच एकदा त्यांनी गाडीच्या टपावर थाप मारली आणि हसत म्हणाले, "ये गाडी ज़ैन, तुम इधर. गाडी खलास, तुम खलास." ज़ैन म्हणजे छान. मिस्त्री हसले. मीही हसलो.

काम सुरू झालं मे महिन्यात. इंजिनाची ताकद वाढवायची तर त्याला जास्त हवा आत घेता आली पाहिजे, आणि हवेची वाट व्हॉल्व्हमधून जाते. व्हॉल्व्हला दाबून उघडतो तो रॉकर. त्याच्या एका टोकाला लांब दांडी ढकलते, दुसरं टोक व्हॉल्व्ह उघडतं. मधला टेकू जरा सरकवलेला रॉकर घातला की दांडीच्या तेवढ्याच ढकलीत व्हॉल्व्ह जास्त उघडतो. असे रॉकर आम्ही बाहेरून मागवले. त्यांच्याबरोबर स्टीलच्या दांड्या आल्या, कारण मूळच्या ॲल्युमिनियमच्या दांड्या वाढलेल्या जोराला वाकतात. व्हॉल्व्ह किती उघडतोय ते मी मिस्त्रींच्या पेटीतली डायल लावून मोजायचो. आधी साडेआठ मिलिमीटरही भरत नव्हता, नंतर दहाच्या वर गेला.

पण नुसता दरवाजा मोठा करून भागत नाही, वाटही मोकळी लागते. हवा आत येण्याच्या भोकांत ओतकामाच्या वेळच्या खडबडीत कडा राहिलेल्या असतात. त्या मिस्त्रींनी घासल्या. छोट्या ग्राइंडरने, मग पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून. मालकांच्या घरातला व्हॅक्यूम क्लीनर आणून आम्ही त्याची नळी हेडला, म्हणजे ती भोकं असलेल्या भागाला, लावली आणि दुसरीकडे पारदर्शक नळीत निळं पाणी भरून हवेचा जोर मोजला. नीळ कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून आणलेली, कपड्यांची. मिस्त्री बोट आत फिरवून सांगायचे, "हितं अजून जरा घासायला पायजे," आणि मग पाणी मोजल्यावर खरंच तिथेच फरक पडायचा. मला त्याचा थोडा रागच यायचा. माझ्याकडे सूत्रं होती आणि त्यांच्याकडे बोट. माझ्या मुलीला मी एकदा ते निळं पाणी दाखवायला नेलं, तर ती मिस्त्रींच्या बोटाकडेच बघत बसली. घरी येताना मी विचारलं, कसं वाटलं? "दॅट अंकल इज सो गुड ॲट इट," ती म्हणाली. माझ्याबद्दल काही बोलली नाही.

ऑगस्टमध्ये इंजिन जुळवून झालं. राहिलं टॅपेट लावायचं काम. दांडी, रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात नेमकी किती फट ठेवायची, ते रॉकरच्या स्क्रूने ठरवतात. त्याला सगळे मिस्त्री टॅपेट लावणं म्हणतात. इंजिन थंड असताना लावायचं, म्हणून आम्ही सकाळी सहाला शेडमध्ये गेलो. रॉकरबरोबर आलेल्या छापील कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: स्टीलच्या दांड्या असतील तर थंड इंजिनावर फट शून्य ठेवा, दांडी दोन बोटांत जेमतेम फिरली पाहिजे.

मिस्त्रींनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याची पट्टी केली होती. ते म्हणाले, "साहेब, एक कागूद ठेवू या मधी."

"कशाला? इथे शून्य लिहिलंय."

"लिवलंय खरं. पर हे थंड कुटं हाय? थंडीत आवळंल हे."

मी हसलो. मग मी त्यांना शिकवलं. शेडच्या खांबावर खडूने आकृती काढून शिकवलं. इंजिनाचं अंग ॲल्युमिनियमचं, ते तापल्यावर जास्त वाढतं. दांडी स्टीलची, ती कमी वाढते. म्हणजे इंजिन तापलं की फट आपोआप वाढणार, आवळणार नाही. म्हणून तर शून्य. मी म्हणालो, "मिस्त्री, हे शास्त्र आहे. तुमच्या कागदाने इंजिन खडखड वाजेल आणि मालक म्हणतील, दोन मराठी माणसांनी मिळून वाट लावली."

मिस्त्री पट्टी हातात धरून उभे राहिले. "असंल," ते म्हणाले, "पर मला पटंना." त्यांच्याच्याने स्क्रू आवळवेना. तेव्हा मी त्यांच्या हातातून पाना घेतला आणि आठही व्हॉल्व्ह मी लावले. एकेक दांडी बोटांनी फिरवून, शून्य. काम नीट करायची मला सवय आहे, म्हणून प्लँटमधून आणलेल्या तापमापकाने इंजिनाचं तापमान मोजून मी वहीत टिपूनही ठेवलं. चव्वेचाळीस. माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. चव्वेचाळीस अंशांना मी थंड म्हणालो, कारण रात्रभर इंजिन बंद होतं आणि ज्याने तो कागद छापला त्याच्या देशात रात्रभर बंद असलेलं इंजिन थंड असतं. गणित मी केलं ते फक्त वर जाणारं केलं. खाली येणारं केलंच नाही.

गाडी सुरू झाली आणि मालक लहान पोरासारखे खूश झाले. समुद्राच्या रस्त्यावर एक फेरी मारून आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वडील असते तर, असं काहीसं ते अरबीत म्हणाले. मला मिठी मारली, मुहंदिस, मुहंदिस म्हणाले. मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. मिस्त्रींच्या पाठीवर थोपटलं आणि आत चहा सांगायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी मुदीरांनीही मला जाता जाता हात केला. मी घरी येऊन बायकोला हे सगळं दोनदा सांगितलं.

जानेवारीत मालक वाळवंटात तंबूवर गेले. तिथे पहाटे हाडं गोठतात. पहिल्याच आठवड्यात त्यांचा मला फोन आला. मिस्त्रींना नाही, मला. सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास देते, फटफट करते, मग तापली की ठीक चालते. मी मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले, "टॅपेट आवळलं असंल. मी जातो, सैल करून येतो." मी म्हणालो, नको. थंडीत पेट्रोल नीट उडत नाही, कार्ब्युरेटरचा प्रश्न आहे. मिस्त्रींनी दोनदा म्हटलं आणि मी दोनदा उडवून लावलं. मालकांना मी सांगितलं, चोक ओढा आणि सुरुवातीला जरा रेस ठेवा.

माझं ऐकून ते रोज पहाटे गारठलेल्या इंजिनाला रेस देत राहिले आणि तसंच वाळूवर पिटाळत राहिले. तीन आठवड्यांनी परत येताना रस्त्यात मोठा आवाज झाला आणि गाडी थांबली. ती ट्रकवर घालून आणली.

इंजिन उघडायला आम्ही सकाळी लवकर जमलो. शेडमध्ये आमच्या श्वासाची वाफ दिसत होती. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं तुटून आत पडलं होतं. त्याने पिस्टनचा चुरा केला होता आणि तुकड्यांनी इंजिनाच्या अंगाला भोक पाडलं होतं. जिथे तो वडिलांच्या वेळचा नंबर होता, त्याच्या बोटभर खाली. मिस्त्रींनी दुसऱ्या बाजूचं, न मोडलेलं झाकण काढलं आणि दांडी फिरवायला बोट लावलं. फिरली नाही. दुसरी लावली, तीही गच्च. त्यांनी बाजूला होऊन मला जागा करून दिली. मी बोट लावलं. मग तापमापक लावला. सहा अंश.

गणित करायला मला मिनिटही लागलं नाही. चव्वेचाळीसचे सहा झाले तर फट एक दशांश मिलिमीटरहून थोडी जास्त मिटते. शून्यातून ती वजा होते, म्हणजे गारठलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही, आणि सिलिंडरमधला जाळ त्या फटीतून रोज पहाटे व्हॉल्व्हची कड खात राहतो. कॅलेंडरच्या पानाची जाडी जवळजवळ तेवढीच. मिस्त्रींनी खांबाकडे पाहिलं, तिथे माझी खडूची आकृती अजून तशीच होती.

मालक आले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एका पालथ्या क्रेटवर बसून ते त्या भोकाकडे बघत राहिले. हळूहळू त्यांना व्हॉल्व्हची जळलेली कड दिसली असावी, कारण त्यांनीही उमेदीत या गाडीचं पुष्कळ काम केलं होतं. त्यांनी मान वर करून विचारलं, "टॅपेट कौन लगाया?"

प्रश्न आम्हा दोघांना होता. मी पिस्टनचा एक तुकडा उचलून बघू लागलो, जणू त्यात काही तपासायचं होतं. डोक्यात एकाच वेळी किती तरी गोष्टी चालल्या होत्या. मुदीरांचा जाता जाता केलेला हात. मुलीची शाळा. चौदा वर्षांत एकही यंत्र न मोडलेला मी. मिस्त्री माझ्या उजव्या हाताला उभे होते. ते लगेच बोलले नाहीत. खूप वेळ बोलले नाहीत. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी तुकडा उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

मग ते म्हणाले, "मैंने लगाया, बाबा."

मूग गिळून बसणं हे मी ऐकून होतो. ते असं उभ्या उभ्याही करता येतं, हे तेव्हा कळलं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. कशाला हलवली, हो म्हणून की दुःख झालं म्हणून, मला आजही सांगता येणार नाही, पण मालकांनी ती हो म्हणूनच घेतली.

इकामा मार्चमध्ये संपत होता. मालकांनी वाढवला नाही. तिकीट काढून दिलं, वागणूक वाईट दिली नाही, फक्त ओळखी वापरायचं सोडून दिलं. मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मालकांकडे जा आणि खरं सांगा. मी म्हणालो, जातो. फेब्रुवारीभर मी जातो म्हणत होतो. कधी प्लँटमध्ये शटडाउन होतं, कधी मुदीर सुट्टीवर होते, आणि ते नसताना त्यांच्या भावाकडे जाणं बरं दिसणार नाही असं मला वाटत होतं. बायकोने नंतर विचारायचं सोडलं. ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलायची, पण जेवताना मी कंपनीतलं काही सांगायला लागलो की उठून पाणी आणायला जायची.

विमानतळावर त्यांना मीच सोडलं. तेवढं तरी करावं, असं मला वाटलं होतं. काय हिशेब होता देव जाणे. दुपारची वेळ. मागच्या सीटवर दोघं बसली होती आणि मिस्त्री सिस्टरना सांगत होते की किटलीची वायर सैल आहे, ओल्या हाताने लावू नको. आणि वरच्या फळीवर फार वजन ठेवू नको. सिस्टर हो हो म्हणत होत्या. त्यांनी खोली सोडून नर्सच्या होस्टेलवर जायचं ठरवलं होतं. तिथे ना ती किटली चालणार होती ना ती फळी, पण त्यांनी तसं म्हटलं नाही. आरशात मला दोघं दिसत होती. रस्त्यात गर्दी होती, अर्धा तास मी गाडी चालवली. सांगायला अर्धा तास पुष्कळ झाला. उतरताना मिस्त्रींनी माझा हात धरला, पहिल्या दिवशी धरला होता तसा दोन्ही हातांत नाही, एकाच. "येतो साहेब," म्हणाले.

मे महिन्यात सिस्टरचा फोन आला. मिस्त्रींची हत्यारांची पेटी शेडमध्येच राहिली होती. ती आणून दिली तर कार्गोने पाठवता येईल. मी शुक्रवारी गेलो. गाडी ताडपत्रीखाली होती. मालकांनी पेटी दाखवली, चहा दिला आणि म्हणाले की दुसरं इंजिन बघतोय, तू बसवून देशील का? तो म्हातारा चांगला माणूस होता, पण हात गेला होता त्याचा. मी चहा प्यायलो. म्हणालो, बघू. पेटी उचलली तर खांदा निखळेल इतकी जड. गाडीपर्यंत नेताना मध्ये तीनदा खाली ठेवावी लागली.

सिस्टर होस्टेलच्या दारात ड्यूटीच्या कपड्यांतच उभ्या होत्या. पुरुषांना आत मनाई, म्हणून आम्ही जिन्याखालच्या सावलीत उभे राहिलो. त्या वाळल्या होत्या. पेटी पाहिल्यावर त्यांनी पदराने पुसावी तशी ती ओढणीने पुसली. मला राहवलं नाही. धीर आला असं मी म्हणणार नाही. आता काही बिघडण्यासारखं उरलं नव्हतं, म्हणून बोलता आलं.

"सिस्टर, ते टॅपेट मी लावलं होतं."

त्या पुसत राहिल्या. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"मला त्यांची माफी..."

"मग त्यांच्याशी बोला ना. माझ्याशी काय?" त्यांनी फोन काढला, लावला, आणि तिकडून हॅलो येताच माझ्या हातात दिला.

मिस्त्रींना मी असेन असं वाटलं नव्हतं. आधी त्यांनी पेटी मिळाली का विचारलं, आणि डायलची डबी आत आहे का, एवढं बघायला सांगितलं. मग मी एका दमात सांगून टाकलं. चूक माझी होती. तुम्ही कागद ठेवा म्हणालात आणि मी ऐकलं नाही. थंडीतही मीच तुम्हाला अडवलं. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात आणि मी बोलू दिलं.

तिकडे कोणाच्या तरी दारात स्कूटर सुरू झाली, ती दूर जाईपर्यंत ते थांबले.

"मालकांना सांगितलासा?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग मला कशापाय सांगताय? मला ठावंच हाय की." ते चिडले नव्हते. एखाद्याला नटाचा आकडा समजावून द्यावा तसं बोलत होते. "त्या दिवशी मी वाट बघितली तुमची, साहेब. लई येळ बघितली. तुमी बोलला असता तर आमचं दोगांचं निभावलं असतं. तुमास्नी त्यो काय करनार हुता? तुमी भावाकडचं मानूस."

मी नुसतं हं केलं.

"ऱ्हाऊ द्या. सिस्टरला द्या फोन. तिची जेवायची सुट्टी संपंल."

मी फोन दिला. त्यांनी माझ्याकडे पाठ केली, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसल्या आणि विचारलं, जेवलात का. मग त्या बराच वेळ नुसतं ऐकत होत्या. पेटी आत नेऊन ठेवायला हवी होती, पण मला आत जाता येत नव्हतं आणि त्यांच्याच्याने ती उचलली गेली नसती. तेव्हा मी तिथेच, त्यांचं बोलणं संपेपर्यंत, पेटीशेजारी उभा राहिलो. मालकांना मी अजून काही सांगितलेलं नाही. त्यांचं नवं इंजिन येत्या महिन्यात येतंय. टॅपेट मीच लावणार आहे.